मुलाला छोट्या कॉलेजात अमेरिकन फुटबॉलच्या डिफेन्सचा कोच व्हायचंय. काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई ओहायोत कोलंबसजवळ राहतात. मुलगा बावीस वर्षांचा, येत्या मे महिन्यात मेकॅनिकल इंजिनिअर होईल. चार वर्षं कॉलेज खेळांच्या तिसऱ्या गटातल्या, म्हणजे डिव्हिजन थ्रीच्या, कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळला, सेफ्टी म्हणून, म्हणजे डिफेन्सच्या सगळ्यात मागच्या फळीत. हातात एका पंप बनवणाऱ्या कंपनीची नोकरी आहे. ती सोडून तो पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजात डिफेन्सचा ग्रॅज्युएट असिस्टंट (मास्टर्स करता करता थोड्या मानधनावर काम करणारा मदतनीस कोच) व्हायचं म्हणतोय. "ह्यात करिअर असतं का, की दोन वर्षांचं खूळ आहे? ह्याचे बाबा महिनाभर त्याच्याशी धड बोललेले नाहीत."

ताई, हे काम मी एकवीस वर्षं केलं. वडिलांच्या नोकरीमुळे अकराव्या वर्षी सांगलीहून ॲक्रनला आलो, तिथेच खेळ लागला, आणि २००३ पासून २०२४ पर्यंत चार छोट्या कॉलेजांत डिफेन्स शिकवला. त्यातली नऊ वर्षं डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे डिफेन्सचा मुख्य कोच, होतो. आता हायस्कूलमध्ये गणित शिकवतो आणि संध्याकाळी तिथल्याच पोरांचा डिफेन्स बघतो. माझे वडीलसुद्धा वर्षभर धड बोलत नव्हते, तेव्हा तुमच्या घरातली हवा मला ठाऊक आहे.

तुम्ही विचारलंय करिअर आहे का. आहे. पण त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे: त्याला शिकवायचंय, की खेळ सुटत नाहीये? पाचव्या-सहाव्या इयत्तेपासून खेळलेलं पोर नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी शेवटची मॅच खेळतं, लॉकर रिकामं करतं, आणि सोमवारी दुपारी साडेतीनला कुठे जायचं हे त्याला कळत नाही. त्या पोकळीत कोचिंगची नोकरी फार गोड दिसते. माझ्याबरोबर लागलेली बरीच पोरं ह्याच कारणाने आली होती आणि दुसरा ऑक्टोबर उजाडेपर्यंत विमा नाहीतर बँक नाहीतर मेडिकल सेल्समध्ये गेली होती. त्यात लाज नाही, पण दोन वर्षं जातात.

हे ओळखायचं कसं? त्याला एकदा जेवताना सहज विचारा, "गेल्या सीझनमध्ये तू कुणाला काय शिकवलंस?" तो स्वतःच्या इंटरसेप्शनच्या (समोरच्याचा पास मध्येच पकडल्याच्या) गोष्टी सांगायला लागला, तर समजा खेळ सुटत नाहीये. "पहिल्या वर्षाचा एक पोरगा होता, मागे सरकताना पहिलं पाऊल चुकीचं टाकायचा, त्याला मी रोज प्रॅक्टिसनंतर दहा मिनिटं थांबवायचो" असं काही आलं, तर पुढचं वाचा.

आधी हे काम असतं काय ते सांगतो, कारण टीव्हीवर दिसतं ते हे नव्हे. डिव्हिजन थ्रीमध्ये फुटबॉल खेळणारी २४० च्या आसपास कॉलेजं आहेत आणि तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. डिव्हिजन टूमध्ये एका टीमला ३६ शिष्यवृत्त्यांइतके पैसे वाटता येतात, एनएआयए ह्या छोट्या कॉलेजांच्या वेगळ्या संघटनेत २४. डिव्हिजन थ्रीत शून्य. मार्कांवर किंवा घरच्या उत्पन्नावर मदत मिळते, खेळावर नाही. म्हणजे तुमच्या समोरचा प्रत्येक खेळाडू फी भरून आलेला असतो, आणि ह्या एका गोष्टीवर कोचची सगळी नोकरी बेतलेली असते. शे-सव्वाशे पोरांची टीम म्हणजे हजार-बाराशे विद्यार्थ्यांच्या कॉलेजाचा मोठा हिस्सा. कॉलेजाच्या अध्यक्षांच्या हिशेबात फुटबॉल हे प्रवेशाचं खातं असतं. मी कोऑर्डिनेटर असताना दर वर्षी माझ्या नावावर पंधरा मुलं आणायची असायची. एप्रिलमध्ये हेड कोच भेटला की "कव्हर थ्री (डिफेन्सची एक रचना) कसं चाललंय" असं विचारत नसे, "तुझे डिपॉझिट किती झाले?" असं विचारायचा, म्हणजे तू आणलेल्या किती पोरांनी पैसे भरून प्रवेश पक्का केला.

म्हणजे वर्षातले तीन-साडेतीन महिने डिफेन्स, बाकीचे महिने लोकांच्या स्वयंपाकघरात बसून आर्थिक मदतीची पत्रं समजावून सांगणं. २०२४ च्या वसंतात तर फुटबॉल मी विसरूनच गेलो होतो. सरकारी मदतीचा फाफ्सा नावाचा अर्ज त्या वर्षी नव्या रूपात आला, तोही डिसेंबरच्या अगदी शेवटी, आणि पुढे इतका रखडला की एप्रिल उजाडला तरी पालकांना आकडे कळत नव्हते. यंग्जटाउनच्या एका आईने मला सलग तीन रविवार फोन केला. तिला तिच्या मुलाच्या टॅकलिंगबद्दल एक शब्द विचारायचा नव्हता. महिन्याला किती पडतील, एवढंच. तिच्याशी नीट बोलता येणं हा ह्या नोकरीचा निम्मा भाग आहे. तुमचा मुलगा फोनवर अनोळखी माणसाशी बोलायला कां-कूं करत असेल तर हे आत्ताच लक्षात घ्या.

आता डिफेन्सबद्दल. शनिवारी मॅच, आणि रविवारी पहाटे सहाला जीए ऑफिसात. (ग्रॅज्युएट असिस्टंटला तिथे सगळे जीएच म्हणतात.) पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या तीन-चार मॅचेसचे व्हिडिओ हडल नावाच्या वेबसाइटवर आलेले असतात. प्रत्येक प्ले, म्हणजे एकेक डाव, थांबवून नोंदवायचा: कितवा डाउन (चार प्रयत्नांपैकी कितवा), किती यार्ड हवेत, बॉल मैदानावरच्या कुठल्या बाजूच्या खुणांवर (हॅशवर), फॉर्मेशन कोणतं, मोशन कुणाची (बॉल सुटण्याआधी कोण सरकतं), रन की पास (बॉल घेऊन पळणार की फेकणार), कुठल्या बाजूला. एका मॅचमध्ये साठ-सत्तर प्ले, तेव्हा दोन-अडीचशे ओळी. दुपारी कोऑर्डिनेटर येईपर्यंत सगळं भरलेलं हवं. मग स्काउट टीमसाठी कार्डं काढायची, म्हणजे जाड मार्करने प्रतिस्पर्ध्याचे प्ले कागदावर रेखाटायचे, म्हणजे आपलीच राखीव पोरं मंगळवारी-बुधवारी ते कार्ड बघून "त्यांच्यासारखं" खेळतील. पहिल्या वर्षी माझ्या उजव्या हाताच्या बोटांवरची काळी शाई नोव्हेंबरपर्यंत गेली नाही. आई म्हणायची, हा मतदान करून येतो का रोज?

ह्या कंटाळवाण्या कामात कधीतरी एक दाणा सापडतो. माझ्या पाचव्या वर्षातली गोष्ट. प्रतिस्पर्ध्यांचा राइट गार्ड, म्हणजे पुढच्या फळीतला एक खेळाडू. गोलपोस्टमागच्या कॅमेऱ्यातून तो पाठमोरा दिसायचा. रात्री साडेअकराला मला जाणवलं की रन असला की त्याचं बूड वर असतं आणि वजन पुढे, पास असला की तो जरा मागे बसल्यासारखा होतो, फार तर चार बोटांचा फरक. मी चाळीस प्ले पुन्हा बघितले, आवाज बंद करून, नुसता तो एकच माणूस. छत्तीस वेळा बरोबर. आमच्या मिडल लाइनबॅकरला, म्हणजे डिफेन्सच्या मधल्या खेळाडूला, मंगळवारी दाखवलं. त्याने शनिवारी पहिल्याच ड्राइव्हमध्ये हात वर करून सगळ्यांना "पास, पास" ओरडून सांगितलं आणि बॉल सुटायच्या आधीच आमची पोरं मागे सरकली होती. मॅच आम्ही तरीही हरलो. पण त्या रात्री साडेअकराला जो आनंद झाला तो मला पगारात कधी मिळाला नाही. तुमच्या मुलाला हे वाचून हसू आलं तर ठीक आहे. डोळे चमकले तर त्याच्या बाबांनी बोलायला सुरुवात करावी.

छोट्या कॉलेजांत डिफेन्स शिकवणं मोठ्या कॉलेजांपेक्षा एका अर्थी अवघड असतं. एका आठवड्यात समोर पाच रिसीव्हर पसरून दर वेळी पास फेकणारी टीम, पुढच्या आठवड्यात ट्रिपल ऑप्शन. ऑप्शनमध्ये क्वार्टरबॅककडे, म्हणजे डाव चालवणाऱ्या खेळाडूकडे, तीन वाटा असतात: बॉल मधल्या माणसाला द्यायचा, स्वतः ठेवायचा, किंवा बाहेरच्याला पिच करायचा. डिफेन्समधल्या कुणीही बॉलच्या मागे धावलं की तुम्ही मेलात. माझ्या आईला मी हे कबड्डीवरून समजावलं होतं. चढाईपटू मध्यरक्षकाला हूल देतो, पण कोपरारक्षकाने त्या हुलीच्या मागे जायचं नसतं, त्याचं काम चढाईपटूचा घोटा धरायचं. तो हलला की साखळी तुटली. आईला एका मिनिटात कळलं, आमच्या एकोणीस वर्षांच्या एंडला (डिफेन्सच्या पुढच्या फळीतल्या टोकाच्या खेळाडूला) तीन दिवस लागले. शेवटी त्या आठवड्याची बुधवारची प्रॅक्टिस आम्ही बॉलशिवाय घेतली. मैदानात बॉलच नाही. प्रत्येकाने ज्या माणसाला धरायचं त्यालाच जाऊन धरायचं, त्याच्या हातात काही असो नसो. ही युक्ती माझी नाही, जुन्या कोचांकडून चालत आलेली आहे. पण पोरांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ जाऊन हळूहळू शहाणपण येताना बघणं, ही माझ्या लेखी ह्या धंद्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट.

टॅकलिंगही आता पूर्वीसारखं शिकवता येत नाही, आणि ते चांगलंच झालं. २०१३ पासून कॉलेज फुटबॉलमध्ये टार्गेटिंग केलं, म्हणजे डोकं घालून किंवा डोक्यावर मारलं, तर खेळाडू थेट मैदानाबाहेर जातो. मी खेळताना "हेल्मेट बॉलवर घाल" हे ऐकत वाढलो. तेच मला खोडून नव्याने शिकावं लागलं, खांदा कुठे, डोकं कुठल्या बाजूला. मिनेसोटात सेंट जॉन्सचे जॉन गॅग्लियार्डी तर प्रॅक्टिसमध्ये टॅकल करूच देत नसत. २०१२ मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर ४८९ विजय होते, कॉलेज फुटबॉलमध्ये इतके कुणाचेच नाहीत. तुमच्या मुलाने अंगावर धावून जायला शिकवणारा कोच निवडू नये, एवढाच ह्याचा अर्थ.

आता पैसे. माझे आकडे देतो, आजचे थोडे वेगळे असतील. जीए असताना वर्षाला ८,००० डॉलर, मास्टर्सची फी माफ, वसतिगृहात एक खोली आणि मेसचं जेवण. त्या बदल्यात त्या मजल्यावरच्या पोरांची भांडणं मिटवायची, टीमचे कपडे धुवायचे, आणि भरतीला व्हॅन चालवायची. पूर्ण वेळ नोकरी लागली तेव्हा २६,०००, आणि त्यात वसंतात ट्रॅकच्या गोळाफेकवाल्यांनाही शिकवायचं. कोऑर्डिनेटर झालो तेव्हा ४१,०००. सोडताना ५८,००० होते. त्याच वर्षी माझ्या शाळासोबत्याने सॉफ्टवेअरमध्ये किती मिळवले ते तुम्ही ओळखा. माझी बायको फार्मासिस्ट आहे. ती नसती तर आम्ही मुलांसकट हे निभावलं नसतं, हे मी स्वच्छ सांगतो. ह्या धंद्यात बरेच संसार जोडीदाराच्या नोकरीवर आणि तिच्या आरोग्य विम्यावर चालतात, पण तो विषय कोणी काढत नाही.

पगारापेक्षा वाईट आहे ती अनिश्चितता, आणि ती तुमच्या कामावर अवलंबून नसते. तिसऱ्या कॉलेजात आमचा डिफेन्स कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात, दुसरा होता. टीम मात्र तीन जिंकून सात हरली. नोव्हेंबरमध्ये एका सोमवारी सकाळी दहाला हेड कोचला काढलं, साडेदहाला आम्हा सहा जणांना एका खोलीत बोलावून सांगितलं की नव्या कोचला स्वतःची माणसं आणायची मुभा राहील. शुक्रवारी माझं कार्ड दारावर चालेना. आत माझ्या टेबलावर मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचा फोटो होता. तो एका सफाई कामगाराने मला बाहेर आणून दिला. आणि पुढचे दोन आठवडे मी भरती करत असलेल्या पोरांचे फोन येत राहिले: "कोच, मी अजून यायचंय ना?" त्यांना काय सांगायचं ते मला कोणी सांगितलं नव्हतं. जानेवारीत फुटबॉल कोचेस असोसिएशनचं अधिवेशन भरतं, तिथे हॉटेलच्या लॉबीत माझ्यासारखे शेकडो लोक कडक इस्त्रीचे शर्ट घालून, खिशात बायोडेटा घेऊन उभे असतात. मीही तीन दिवस उभा राहिलो. नोकरी लागली ती मात्र आधीच्या कॉलेजातल्या एका जीएमुळे, जो तोवर दुसरीकडे कोऑर्डिनेटर झाला होता. इथे माणसं ओळखीने लागतात, आणि ओळख म्हणजे तुम्ही हाताखालच्या पोराशी दहा वर्षांपूर्वी कसे वागलात.

कधी कधी कॉलेजच बंद पडतं. आयोवा वेस्लियन २०२३ मध्ये बंद झालं, बर्मिंगहॅम-सदर्न २०२४ च्या ३१ मे रोजी. दोन्हीकडे फुटबॉल होता. अमेरिकेत २००७ नंतर जन्म घटले, ती पिढी आता अठराची होतेय, तेव्हा छोट्या खासगी कॉलेजांना येती वर्षं कठीण आहेत. म्हणून तुमच्या मुलाने कॉलेजाचं नाव बघण्याआधी त्याच्या प्रवेशाचे गेल्या पाच वर्षांचे आकडे बघावेत. इंजिनिअर आहे, एवढं जमेल.

वर जाता येतं का? येतं, आणि ह्या उदाहरणांनीच पोरं वेडी होतात. ब्रँडन स्टेली २०१६ मध्ये क्लीव्हलँडजवळच्या जॉन कॅरल ह्या डिव्हिजन थ्री कॉलेजात डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होता; त्या वर्षी त्यांनी माउंट युनियन ह्या डिव्हिजन थ्रीतल्या दादा टीमला हरवलं. पुढच्या वर्षी एनएफएल ह्या व्यावसायिक लीगमधल्या शिकागो बेअर्समध्ये, २०२० मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सचा कोऑर्डिनेटर, २०२१ मध्ये चार्जर्सचा हेड कोच. २०२३ च्या डिसेंबरमध्ये काढून टाकलं, तेही ह्याच धंद्याला धरून. विक फँजिओने आपल्या गावच्या, पेनसिल्व्हेनियातल्या डनमोरच्या हायस्कूलमधून सुरुवात केली आणि २०२५ मध्ये त्याच्या डिफेन्सवर फिलाडेल्फियाने सुपर बोल जिंकला. पण ही दोन नावं मला पटकन आठवतात ह्याचं कारण अशी नावं थोडी आहेत.

मला जास्त खरं वाटतं ते अलायन्सचं उदाहरण. ॲक्रनपासून जवळच, लहानसं गाव. तिथे माउंट युनियनमध्ये लॅरी केहरेस २७ सीझन राहिले, ३३२ विजय, २४ पराभव, ३ बरोबरी, ११ राष्ट्रीय अजिंक्यपदं. कुठेही गेले नाहीत. त्यांचा मुलगा व्हिन्स आधी तिथेच डिफेन्स शिकवायचा, मग हेड कोच झाला, नंतर टोलीडो ह्या मोठ्या विद्यापीठात गेला. छोट्या कॉलेजात राहणं म्हणजे वर चढताना मध्येच अडकणं असं नाही, हे आमच्या भागातल्या पोरांना त्या गावामुळे कळतं. तुमच्या मुलाला ह्यातलं कोणतं हवंय ते त्याला विचारा. तेविसाव्या वर्षी उत्तर बदलत राहील, तरी विचारा.

आणि तिसरी वाट, जी मी धरली, ती हायस्कूलची. टेक्ससमध्ये मोठ्या हायस्कूलचे हेड कोच वर्षाला लाखावर डॉलर घेतात, आमच्या कोऑर्डिनेटरांना ते स्वप्नातही मिळत नाहीत. ओहायोत तेवढं नाही, पण शिक्षकाची नोकरी, पेन्शन आणि रात्री घरी जेवण. अट एकच: शिकवायचा परवाना हवा. मी फुकट मिळालेल्या फीवर स्पोर्ट्स ॲडमिनिस्ट्रेशनचं मास्टर्स केलं, कारण ते सोपं होतं आणि सगळे तेच करत होते. त्या डिग्रीचा मला एका दिवसाचाही उपयोग झाला नाही. चाळिशी ओलांडल्यावर रात्रीचे वर्ग करून परवाना काढला. माझ्याच खोलीतला दुसरा जीए गणितात शिक्षणशास्त्र करून बाहेर पडला आणि पस्तिसाव्या वर्षी घर घेऊन मोकळा झाला.

तेव्हा मी तुमच्या जागी असतो तर हे केलं असतं. डिग्री मेमध्ये पूर्ण झालीच पाहिजे, एक विषयही मागे ठेवायचा नाही. पंप कंपनीला नकार कळवताना त्याने चांगलं पत्र लिहावं, फोनवर उडवून लावू नये. मास्टर्स असं घ्यावं ज्यावर फुटबॉल नसतानाही पोट भरेल. डोक्यावर कर्ज असेल तर आधी त्याचा महिन्याचा हप्ता आणि जीएचा महिन्याचा पैसा एका कागदावर मांडावा, आणि हप्ता मोठा निघाला तर एक वर्ष नोकरी करून, शनिवारी गावच्या हायस्कूलला मदत करून मग जावं. दार बंद होत नाही, जीएच्या जागा दर वर्षी निघतात. आणि रुजू होण्याआधी त्या हेड कोचला विचारावं की गेल्या सहा वर्षांत तुमच्याकडचे जीए कोण होते आणि आज कुठे आहेत. चांगला कोच ती नावं बोटांवर मोजून सांगतो, फोन नंबर देतो. जो "बरेच जण पुढे गेले" म्हणून विषय बदलतो, त्याच्याकडे जाऊ नये.

मुदतीचं म्हणाल तर एक तारीख आयतीच आहे. जीएच्या मानधनात आरोग्य विमा बहुतेक ठिकाणी नसतो, पण सव्विसाव्या वाढदिवसापर्यंत तो तुमच्या विम्यावर राहू शकतो. म्हणजे चार सीझन. दोन जीएचे, दोन पूर्ण वेळ नोकरीचे. तोवर स्वतःचा विमा देणारी नोकरी त्याच्याकडे असेल तर तो ह्या धंद्यात उभा राहिला असं धरा. नसेल तर तिघांनी बसून बोला. बाबांनाही ही तारीख सांगा. आमच्या घरी माझ्या वडिलांचं बोलणं सुरू झालं ते अशीच एक तारीख ठरल्यावर. त्या वर्षीच्या शेवटच्या मॅचला ते आले, पावसात दोन तास छत्री धरून उभे राहिले, आणि गाडीत बसल्यावर पहिला प्रश्न विचारला, "तो बत्तीस नंबरचा सारखा आत का घुसत होता?"